जुनी स्पोर्ट्स कार : हौस, हिशेब आणि कायदा

हौसेला मोल नसते, असे म्हटले जाते. जुन्या स्पोर्ट्स कारच्या हौसेला मात्र ते असते आणि खरेदीच्या दिवशी ते पुरते उलगडत नाही. नव्या मोटारीच्या निम्म्या किंवा तिसऱ्या हिश्श्याच्या किमतीत मिळणारी वेगवान गाडी आज मध्यमवर्गीय नोकरदाराच्याही आवाक्यात आली आहे. मुंबई-पुण्यात उपलब्ध असलेली अशी गाडी संगणकाच्या पडद्यावर पाहून नागपूर जिल्ह्यातील खापरखेड्यात आणणे आता अवघड राहिलेले नाही. अवघड आहे ते त्यानंतरचे. गाडीचे खरे वय ओळखणे, तिला इथल्या उन्हा-धुळीत टिकवणे आणि तिच्यात करावयाचे बदल कायद्याच्या चौकटीत बसवणे, या तीन गोष्टींवर ही हौस सुखाची ठरणार की मनस्तापाची, हे अवलंबून असते. जाणकारांचा अनुभव एका वाक्यात सांगता येईल : जुन्या वेगवान मोटारीत करावयाचा पहिला बदल म्हणजे तिला मूळ स्थितीत आणणे.

स्पोर्ट्स कार म्हणावे कशाला?

परदेशात स्पोर्ट्स कार म्हणजे ठेंगणी, दोन दारांची आणि बहुधा दोन आसनांची मोटार. जपान, ब्रिटन किंवा अमेरिकेतील हौशी मंडळी अशा जुन्या गाड्या स्वस्तात घेऊन त्यांच्यावर प्रयोग करतात. भारतात हा मार्ग जवळपास बंद आहे. केंद्र सरकारच्या आयात धोरणानुसार परदेशातील वापरलेली मोटार आणायची तर ती तीन वर्षांपेक्षा जुनी नसावी लागते, तिचे सुकाणू उजवीकडे असावे लागते आणि ती केवळ मुंबई बंदरातूनच उतरवता येते. त्यावर सीमाशुल्काचा बोजा वेगळाच. सचिन तेंडुलकर यांना २००२ मध्ये भेट मिळालेल्या फेरारी ३६० मोडेनाच्या शुल्कमाफीवरून देशभर वाद झाला होता. शुल्काची ती रक्कमच कोटीहून अधिक होती आणि अखेरीस ती फियाट कंपनीने भरली. पुढे २०११ मध्ये ही गाडी सुरत येथील एका उद्योजकाने विकत घेतली. जुन्या स्पोर्ट्स कारच्या भारतीय बाजारातील बहुधा सर्वाधिक गाजलेला हा व्यवहार होय.

देशात स्वतंत्र स्पोर्ट्स कार घडवण्याचे प्रयत्नही झाले. गोव्यात १९९०च्या दशकाच्या अखेरीस तयार होऊ लागलेली ‘सॅन स्टॉर्म’ ही फायबरग्लासच्या सांगाड्याची, दोन आसनांची छोटी गाडी होती. तिच्यात रेनॉ कंपनीचे १.२ लिटरचे इंजिन बसवलेले असे. २०१२च्या दिल्लीतील वाहन प्रदर्शनात सादर झालेली आणि नंतर पुण्यात तयार झालेली ‘डीसी अवंती’ ही त्यानंतरची मोठी झेप. या दोन्ही गाड्या अल्प संख्येने निघाल्या. त्यामुळे सुटे भाग मिळवणे हीच त्यांच्या मालकांपुढची कायमची अडचण ठरली.

म्हणूनच भारतीय हौशी वाहनचालकाची खरी स्पोर्ट्स कार म्हणजे साध्या कुटुंबाच्या गाडीत बसवलेले दमदार इंजिन. तिचा इतिहास बव्हंशी महाराष्ट्रातच घडला. २००१ मध्ये बाजारात आलेली फियाट पालिओ कुर्ल्याच्या कारखान्यात तयार होत असे. तिच्या १.६ लिटरच्या ‘जीटीएक्स’ आवृत्तीची १०० अश्वशक्ती त्या काळी लहान गाडीसाठी अपूर्व होती. औरंगाबाद, म्हणजे आताच्या छत्रपती संभाजीनगरजवळच्या शेंद्रा येथील स्कोडाच्या प्रकल्पातून २००४ मध्ये १५० अश्वशक्तीची ऑक्टेव्हिया आरएस आली. तिच्यामुळे पेट्रोल टर्बो इंजिनाची गोडी भारतीयांना लागली. २०११ मध्ये १६० अश्वशक्तीची लॉरा आरएस आणि २०१७ मध्ये २३० अश्वशक्तीची नवी ऑक्टेव्हिया आरएस आली. चाकणला फोक्सवॅगनने २०१३ मध्ये १०५ अश्वशक्तीची पोलो जीटी टीएसआय आणली, तर रांजणगावच्या प्रकल्पातून २०१५ मध्ये १४५ अश्वशक्तीची अबार्थ पुंटो बाहेर पडली. यांतील बहुतेक गाड्यांचे उत्पादन आता थांबले आहे. फियाटने भारतातील मोटारविक्री गुंडाळली, पोलोही २०२२ मध्ये बंद झाली. त्यामुळे या गाड्या हव्या असतील तर जुन्याच घ्याव्या लागतात आणि चांगल्या स्थितीतील गाडीचा भाव उतरण्याऐवजी टिकून राहतो.

आधी कागद, मग इंजिन

गाडी पाहायला जाणारा खरेदीदार प्रथम इंजिनाचा आवाज ऐकतो. वास्तविक त्याने प्रथम नोंदणीपत्र पाहिले पाहिजे. नोंदणीपत्रावरील चासी क्रमांक व इंजिन क्रमांक गाडीवर प्रत्यक्ष कोरलेल्या क्रमांकांशी जुळतात का, हे स्वतःच्या डोळ्यांनी तपासावे. अवंती गाड्यांच्या संदर्भात मुंबई पोलिसांनी डिसेंबर २०२० मध्ये गुन्हा दाखल केला. एकाच इंजिन व चासी क्रमांकावर एकाहून अधिक गाड्यांची नोंदणी झाल्याचा आरोप त्यात होता. दुर्मीळ आणि महागड्या गाडीच्या बाबतीत ही तपासणी का टाळू नये, हे त्यावरून ध्यानात यावे.

परिवहन खात्याच्या ‘वाहन’ संकेतस्थळावर मालकांचा क्रम, विम्याची मुदत, थकीत दंड आणि कर्जाचा बोजा दिसतो. कर्ज फिटलेले असेल तर नमुना ३५ आणि बँकेचे नाहरकत पत्र हाती घेतल्याशिवाय पैसे देऊ नयेत. १ एप्रिल २०१९ पूर्वी नोंदलेल्या गाडीवर उच्च सुरक्षा क्रमांकपट्टी बसवलेली आहे का, हेही पाहावे.

मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५० नुसार राज्यांतर्गत विक्रीची सूचना विकणाऱ्याने १४ दिवसांत आणि घेणाऱ्याने ३० दिवसांत द्यावयाची असते. त्यासाठी नमुना २९ व ३० भरावे लागतात. नागपूर शहरात नोंदलेली (एमएच-३१ किंवा पूर्व नागपूरची एमएच-४९) गाडी खापरखेड्याच्या रहिवाशाने घेतली, तर सावनेर तालुका नागपूर ग्रामीण कार्यालयाकडे असल्याने व्यवहार एमएच-४० च्या कार्यालयाशी येतो. अनेकदा ‘नंतर करू’ म्हणून नावांतर लांबवले जाते. ते विकणाऱ्याच्याही अंगाशी येऊ शकते. सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०१८ मध्ये नवीनकुमार विरुद्ध विजयकुमार या प्रकरणात स्पष्ट केले की, गाडी कितीही हातांतून गेली तरी नोंदणीपत्रावर ज्याचे नाव आहे, त्याच्यावरच अपघाताच्या भरपाईची जबाबदारी राहते. विकलेल्या गाडीने केलेल्या अपघाताची नोटीस जुन्या मालकाच्या दारी येते ती यामुळेच.

दिल्लीहून येणाऱ्या स्वस्त गाड्यांबाबत अधिक सावध राहावे. राजधानी परिसरात १० वर्षांवरील डिझेल आणि १५ वर्षांवरील पेट्रोल गाड्यांवर राष्ट्रीय हरित लवादाने आणि २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने निर्बंध घातल्यापासून तेथील जुन्या गाड्या मोठ्या प्रमाणावर इतर राज्यांत जाऊ लागल्या. अशा गाडीसाठी मूळ कार्यालयाचे नाहरकत प्रमाणपत्र (नमुना २८), महाराष्ट्राचा कर आणि नवा नोंदणी क्रमांक हे सारे आलेच. हा खर्च धरला की स्वस्ताई बऱ्याचदा उरत नाही.

गाडीचे वयही हिशेबात धरावे. खासगी मोटारीची नोंदणी १५ वर्षांची असते. त्यानंतर तपासणी करून ती दर पाच वर्षांनी वाढवावी लागते. नूतनीकरणाचे शुल्क १ एप्रिल २०२२ पासून ६०० रुपयांवरून ५,००० रुपये झाले आणि ऑगस्ट २०२५ मध्ये २० वर्षांवरील मोटारींसाठी ते १०,००० रुपये करण्यात आले. राज्याचा पर्यावरण कर याशिवाय. २००४ची ऑक्टेव्हिया आरएस आता याच गटात मोडते.

पारख कशी करावी?

वेगवान गाडी बहुधा वेगानेच चालवलेली असते. म्हणून तिची तपासणी साध्या गाडीपेक्षा कठोर असावी लागते. पहिला नियम असा की, इंजिन पूर्ण थंड असताना गाडी पाहावी. विक्रेत्याने ती आधीच सुरू करून ठेवली असेल तर दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा जावे. थंड इंजिन सुरू होताना क्षणभर उमटणारा साखळीचा खडखडाट किंवा निळसर धूर पुष्कळ काही सांगून जातो. निळा धूर म्हणजे ऑइल जळत असल्याची खूण. ते टर्बोच्या सीलमधून येत असेल किंवा पिस्टनच्या रिंगांमधून. काळा धूर इंधनाचे प्रमाण बिघडल्याचे दाखवतो, तर सतत येणारा पांढरा धूर हेड गॅस्केटकडे बोट दाखवतो.

फियाटच्या टर्बो इंजिनात टायमिंग बेल्ट असतो. तो तुटला तर व्हॉल्व्ह आणि पिस्टन एकमेकांवर आदळून इंजिनच निकामी होते. बेल्ट बदलल्याची पावती नसेल तर तो बदललेला नाही, असेच समजावे. फोक्सवॅगन-स्कोडाच्या जुन्या १.८ टीएसआय इंजिनात साखळीचा टेन्शनर आणि ऑइलचा खप या दोन गोष्टींकडे लक्ष द्यावे. पोलो जीटी टीएसआयमधील सात गतींचा डीएसजी गिअरबॉक्स कोरड्या क्लचचा आहे. गर्दीत रांगताना तो तापतो. पहिल्या-दुसऱ्या गतीत धक्के जाणवत असतील तर दुरुस्तीचा खर्च मोठा असतो. चढावर आणि वाहनांच्या दाटीत, अशा दोन्ही ठिकाणी गाडी चालवून पाहावी.

अधिकृत सेवा केंद्रात चासी क्रमांकावरून सेवांचा इतिहास मिळू शकतो. तो मालकाच्या संमतीने मागवून मीटरवरील किलोमीटरशी ताडून पाहावा. संगणकीय तपासणी यंत्र लावले असता दोषांच्या नोंदी दिसतात. त्या नुकत्याच पुसल्या गेल्या असतील तर तेही कळते. ‘गाडी पूर्णपणे मूळ स्थितीत आहे’ असे सांगितले जात असताना ईसीयूचे सॉफ्टवेअर बदललेले असणे, सायलेन्सरच्या नळीवर वेल्डिंगच्या ताज्या खुणा असणे किंवा स्प्रिंगांवर परका रंग दिसणे, या विसंगती नजरेतून सुटू नयेत. पूर्वीच्या मालकाने गाडी भरपूर पिटाळून, विकण्याआधी जुने भाग परत बसवले असण्याची शक्यता मग नाकारता येत नाही.

पुरात बुडालेल्या गाड्यांचा धोकाही आहे. २६ जुलै २००५ रोजी मुंबईत सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला आणि असंख्य गाड्या पाण्याखाली गेल्या. नागपूरलाही २३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे अंबाझरी तलाव ओसंडून वाहिल्याने अनेक वसाहतींतील गाड्या बुडाल्या. अशी गाडी धुऊन-पुसून चकचकीत करता येते; पण आसनांच्या रुळांवरचा गंज, गालिच्याखालचा बारीक गाळ, सीट बेल्ट पूर्ण ओढल्यावर दिसणारा पाण्याचा डाग आणि वायरींच्या जोडांवरची हिरवट पुटे लपवता येत नाहीत.

राख, ऊन आणि काळी माती

पुण्या-मुंबईत उत्तम चाललेली गाडी खापरखेड्यात तशीच चालेल, असे गृहीत धरता येत नाही. इथल्या औष्णिक विद्युत केंद्राची क्षमता १,३४० मेगावॉट आहे. २१० मेगावॉटचे चार आणि ५०० मेगावॉटचा एक असे पाच संच तेथे आहेत. जवळच सिल्लेवाडा येथे वेस्टर्न कोलफिल्ड्सच्या कोळसा खाणी आहेत. कोळशाचे ट्रक, उडती राख आणि रस्त्यावरची धूळ हा इथल्या हवेचा भाग आहे. कोळशाच्या राखेत सिलिका मोठ्या प्रमाणावर असते आणि ती धातूला घासते.

हौशी लोक सर्वांत आधी जो बदल करतात तो हवेच्या गाळणीचा. मूळ कागदी गाळणी काढून उघड्या शंकूच्या आकाराची कापडी गाळणी बसवली की इंजिनाचा श्वास मोकळा होतो, आवाज खुलतो. पण अशी गाळणी बारीक कण अडवण्यात कागदी गाळणीची बरोबरी करतेच असे नाही. शिवाय इंजिनाच्या कप्प्यातली तापलेली हवाच ती आत ओढते. राखेच्या प्रदेशात या बदलाची किंमत टर्बोची पाती आणि सिलिंडरच्या भिंती मोजतात. इथे मूळ पेटीतली उत्तम कागदी गाळणी ठेवून ती कंपनीने सांगितलेल्या मुदतीच्या निम्म्या काळात बदलणे अधिक शहाणपणाचे. रेडिएटर व इंटरकूलरच्या पातळ पत्र्यांत अडकलेली राख हलक्या दाबाच्या पाण्याने नियमित धुवावी. जोराच्या फवाऱ्याने ते पत्रे वाकतात.

दुसरा प्रश्न उन्हाचा. नागपुरात २३ मे २०१३ रोजी ४७.९ अंश सेल्सियस तापमानाची नोंद झाली होती. ४५ अंशांच्या हवेची घनता १५ अंशांच्या हवेपेक्षा सुमारे ९ टक्क्यांनी कमी असते. म्हणजे तेवढा प्राणवायू इंजिनाला कमी मिळतो. टर्बो ही तूट दाब वाढवून भरून काढतो, पण दाबलेली हवा आणखी तापते. अशा हवेत इंधन वेळेआधीच पेटून इंजिनात ‘नॉकिंग’ होते. आधुनिक ईसीयू ते ओळखून शक्ती आपोआप घटवतो. थंड देशात तयार केलेले ‘रिमॅप’ सॉफ्टवेअर येथे मे महिन्यात लावले, तर कागदावर वाढलेली अश्वशक्ती रस्त्यावर सापडत नाही. नॉकिंगला प्रतिबंध करणारी मर्यादाच सॉफ्टवेअरमध्ये सैल केलेली असेल तर पिस्टन फुटण्याचाही धोका असतो.

इंधनही बदलले आहे. २० टक्के इथेनॉल मिसळलेले पेट्रोल २०२३ पासून टप्प्याटप्प्याने सर्वत्र आले. इथेनॉलमध्ये पेट्रोलपेक्षा सुमारे एक तृतीयांश कमी ऊर्जा असते, त्यामुळे मायलेज काहीसे घटते. एप्रिल २०२३ पूर्वीच्या अनेक गाड्यांचे रबरी पाइप आणि सील या मिश्रणासाठी बनवलेले नाहीत. दहा-बारा वर्षांची गाडी घेताच इंधनाचे पाइप तपासून गरजेनुसार बदलावेत.

तिसरी गोष्ट रस्त्यांची. काळी माती पावसात फुगते, उन्हात आकसते. त्यामुळे विदर्भातील अनेक रस्त्यांना लाटा येतात. त्यात कोळसा वाहतुकीचा भार आणि मनमानी उंचीचे गतिरोधक. गाडी ठेंगणी करण्याच्या स्प्रिंगा येथे दिमाखापेक्षा खालची पत्राट आणि ऑइलची टाकी फुटण्याचेच कारण ठरतात.

बदलांचा क्रम

शक्ती वाढवण्याची घाई सर्वांना असते. पण वेग वाढवण्याआधी गाडी थांबवण्याची व्यवस्था पाहावी लागते. ताशी ८० वरून १२० किलोमीटर, म्हणजे वेग दीडपट झाला की गाडीतील गतिज ऊर्जा सव्वादोन पट होते. ही सारी ऊर्जा ब्रेकना उष्णतेच्या रूपात सोसावी लागते.

गाडी घरी आल्यावर पहिल्या महिन्यात सर्व ऑइले, कूलंट, गाळण्या, स्पार्क प्लग, बेल्ट, रबरी बुश आणि इंजिन माउंट बदलून घ्यावेत. अनेकदा एवढ्यानेच ‘हरवलेली’ शक्ती परत येते. खरेदीच्या अंदाजपत्रकातील किमान चौथा हिस्सा यासाठी राखून ठेवावा. फियाटच्या सुट्या भागांसाठी मुंबईतील कुर्ल्याचा बाजार अजूनही अनेकांचा आधार आहे. तिथे जुना भाग नवा म्हणून माथी मारला जाणार नाही, याची काळजी मात्र स्वतःच घ्यावी लागते.

त्यानंतर टायर. टायरच्या बाजूवर चार अंकी आकडा असतो. ‘२३१९’ म्हणजे २०१९ सालचा तेविसावा आठवडा. नक्षी शाबूत असली तरी सहा-सात वर्षांपूर्वीचे रबर कडक झालेले असते. नक्षीची खोली १.६ मिलिमीटरपेक्षा कमी झाली की टायर बदललाच पाहिजे. मोठी चाके बसवताना एकूण व्यास बदलू देऊ नये. १९५/५५ आर १६ या टायरचा व्यास सुमारे ६२१ मिलिमीटर भरतो. त्याऐवजी २०५/५० आर १७ लावला तर तो सुमारे ६३७ होतो. वेगमापक मग प्रत्यक्षापेक्षा कमी वेग दाखवू लागतो आणि चाक कमानीला घासण्याची शक्यता वाढते. टायरची भारक्षमता व वेगक्षमता मूळ टायरपेक्षा कमी असता कामा नये.

मग ब्रेक. चांगल्या प्रतीचे पॅड आणि ताजे ब्रेक ऑइल यांनीच मोठा फरक पडतो. डॉट-४ प्रतीच्या ताज्या ऑइलचा उत्कलनबिंदू किमान २३० अंश असतो. हवेतील ओलावा शोषून तो १५५ अंशांपर्यंत खाली येऊ शकतो. घाटात सलग ब्रेक लावल्यावर पाय एकदम खोल जातो तो यामुळेच. दर दोन वर्षांनी हे ऑइल बदलणे हा सर्वांत स्वस्त आणि सर्वांत दुर्लक्षित उपाय होय. त्यानंतर शॉक ॲब्सॉर्बर, मग थंडावा देणारी यंत्रणा आणि सर्वांत शेवटी इंजिनाची शक्ती.

शक्ती वाढवतानाही गाडीतील सर्वांत कमजोर दुव्याचा विचार करावा लागतो. पोलो जीटी टीएसआयचे मूळ टॉर्क १७५ न्यूटन मीटर आहे आणि तिच्या कोरड्या क्लचच्या गिअरबॉक्सची मर्यादा २५० न्यूटन मीटर. रिमॅप करणारे या मर्यादेच्या जवळ जातात. अंतर जितके कमी, तितके क्लचचे आयुष्य कमी. कॅटॅलिटिक कन्व्हर्टर काढून टाकणे तर कोणत्याच हिशेबात बसत नाही. त्याने मिळणारी शक्ती किरकोळ, पण गाडी प्रदूषण चाचणीत नापास होते.

कायदा काय सांगतो?

गाडी आपली असली तरी तिच्यात हवा तो बदल करता येत नाही. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार, नोंदणीपत्रात लिहिलेला तपशील निर्मात्याने ठरवलेल्या मूळ तपशिलाहून वेगळा होईल असा बदल करण्यास मनाई आहे. सर्वोच्च न्यायालयाने ९ जानेवारी २०१९ रोजी प्रादेशिक परिवहन अधिकारी विरुद्ध के. जयचंद्र या प्रकरणात केरळ उच्च न्यायालयाचा निकाल रद्द करून हीच भूमिका ठामपणे मांडली. २०१९च्या दुरुस्तीने कलम १८२-अ आले. त्यानुसार परवानगी नसलेला बदल करणाऱ्या मालकास सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. ‘प्रत्येक बदलामागे’ हे शब्द लक्षात घेण्याजोगे आहेत.

व्यवहारात याचा अर्थ असा : सांगाडा कापणे, छत काढणे, दुसऱ्या मॉडेलचे अधिक क्षमतेचे इंजिन बसवणे हे वर्ज्य. रंग बदलायचा तर परिवहन कार्यालयास कळवून नोंदणीपत्रात नोंद करून घ्यावी लागते. सीएनजी किंवा विजेवर चालवण्यासाठीचे रूपांतर मान्यताप्राप्त संचानेच करता येते. कर्णकर्कश सायलेन्सर बसवल्यास ध्वनी व वायुप्रदूषणाबद्दल कलम १९० (२) लागू होते. राज्यातील अनेक शहरांत पोलिसांनी जप्त केलेल्या सायलेन्सरवर रोडरोलर फिरवल्याची छायाचित्रे वाचकांना आठवत असतील. ब्रेकचे पॅड, मूळ मापाचे टायर, गाळण्या, आसनांची आवरणे अशा झिजणाऱ्या किंवा किरकोळ भागांच्या बाबतीत अडचण येत नाही. हौसेचा बराच मोठा भाग सुदैवाने याच मर्यादेत बसतो.

एक गोष्ट अनेकांना ठाऊक नसते. जुलै २०२१ मध्ये केंद्राने ५० वर्षांहून जुन्या गाड्यांसाठी ‘व्हिंटेज’ नोंदणीची स्वतंत्र सोय केली. तिची मुख्य अट अशी की गाडी मूळ स्वरूपात जपलेली असावी. आज केलेला हौशी बदल उद्या गाडीचा वारसा म्हणून असलेला हक्कच घालवू शकतो.

विमा : दुर्लक्षित बाजू

गाडीचे नावांतर होताच १४ दिवसांत विमा आपल्या नावावर करण्यासाठी अर्ज करावा. तसे न केल्यास स्वतःच्या गाडीच्या नुकसानीची भरपाई नाकारली जाऊ शकते. ‘नो क्लेम बोनस’ विकणाऱ्याचा असतो. तो गाडीबरोबर येत नाही, त्यामुळे फरकाची रक्कम भरावी लागते. बसवलेल्या मौल्यवान उपकरणांची नोंद करून वाढीव हप्ता भरणे हिताचे. नोंद नसलेल्या बदलामुळे दावा फेटाळला गेला तर अपघातानंतर दुरुस्तीचा लाखोंचा खर्च मालकालाच सोसावा लागतो.

दलालाकडून गाडी घेताना १ एप्रिल २०२३ पासून लागू झालेल्या नियमांनुसार तो अधिकृत विक्रेता आहे का, हे विचारावे. २०२५ पासून नोंदणीकृत विक्रेत्याच्या नफ्यावर १८ टक्के वस्तू व सेवा कर आहे. दोन खासगी व्यक्तींमधील व्यवहारावर तो लागत नाही.

वेग कुठे अनुभवावा?

नागपूरजवळच्या शिवमडका येथून निघणारा ७०१ किलोमीटरचा समृद्धी महामार्ग वेगवान गाडीच्या मालकाला खुणावतो. ११ डिसेंबर २०२२ रोजी त्याचा शिर्डीपर्यंतचा टप्पा आणि ५ जून २०२५ रोजी शेवटचा टप्पा खुला झाला. मोटारींसाठी तेथील कमाल वेगमर्यादा ताशी १२० किलोमीटर आहे. वर उल्लेखलेली प्रत्येक गाडी ती सहज ओलांडू शकते आणि म्हणूनच चालकाची कसोटी तिथे लागते. टायर फुटून झालेल्या अपघातांनंतर २०२३ मध्ये या मार्गाच्या प्रवेशद्वारांवर टायर तपासणीची मोहीम हाती घ्यावी लागली होती. उन्हाने तापलेला काँक्रीटचा सरळ रस्ता आणि जुने कडक रबर यांची गाठ पडली की इंजिनाची शक्ती कामी येत नाही.

वेगाची परीक्षा पाहायचीच तर ती बंदिस्त धावपट्टीवर पाहावी. चेन्नईजवळचे मद्रास इंटरनॅशनल सर्किट, कोइम्बतूरचे कारी मोटर स्पीडवे आणि ग्रेटर नोएडाचे बुद्ध सर्किट येथे हौशी चालकांसाठी वेळोवेळी दिवस राखून ठेवले जातात. लोणावळ्याजवळ आंबी व्हॅलीच्या धावपट्टीवर ड्रॅग शर्यतीही झाल्या आहेत. तेथे रुग्णवाहिका असते, हेल्मेट सक्तीचे असते आणि समोरून कोळशाचा ट्रक येत नाही.

खापरखेड्यासारख्या ठिकाणी अशी गाडी बाळगणे अशक्य नाही, पण तिथे ती थोडी अधिक शिस्त मागते. गाळणी वेळेवर बदलणारा, ब्रेक ऑइलची तारीख वहीत लिहून ठेवणारा आणि नोंदणीपत्रातील एक अक्षरही बदलू न देणारा मालकच तिचा आनंद दीर्घकाळ घेऊ शकतो. मूळ स्थितीत आणलेली दहा वर्षांची अबार्थ किंवा आरएस पहाटेच्या मोकळ्या रस्त्यावर वेगमर्यादेच्या आतही जे सुख देते, त्यासाठी तिच्यात आणखी वीस अश्वशक्ती भरण्याची गरज बहुतेकांना पुढे कधी भासतच नाही.